ओसाकातील साध्या उपाहारगृहात ओकोनोमियाकी कशी खावी

ओकोनोमियाकी म्हणजे चिरलेला कोबी पीठ व अंड्यात कालवून तव्यावर भाजलेले जाडसर जपानी धिरडे. जपानमधील ओसाका शहरातील ओकोनोमियाकीच्या साध्या उपाहारगृहांत बहुधा टेबलाच्या मधोमधच ‘तेप्पान’, म्हणजे सपाट लोखंडी तवा, बसवलेला असतो. काही ठिकाणी कर्मचारी भाजून देतात, तर काही ठिकाणी सगळे साहित्य वाडग्यात घालून आपल्या स्वाधीन करतात, म्हणून मागवतानाच हे विचारून घ्यावे. पहिल्यांदा जाणाऱ्याने ‘बुतातामा’, अर्थात डुकराचे मांस आणि अंडे घातलेला प्रकार निवडावा. चीज व कोळंबीच्या गर्दीत कोबीची गोडी हरवते, आणि खरी चव तर कोबीचीच असते.

स्वतः भाजायचे असल्यास वाडग्यातील मिश्रण तव्यावर घालण्याच्या अगदी आधी, तळापासून वर उचलत, थोडेच कालवावे, कारण फार घोटल्यास त्यातील हवा निघून जाते. साधारण दोन सेंटिमीटर जाडीचा गोल पसरून त्यावर मांसाचे काप मांडावेत आणि खालची बाजू तांबूस होईपर्यंत, म्हणजे पाचेक मिनिटे, त्याला हात लावू नये. मग दोन उलथणी दोन्ही बाजूंनी खाली सारून एका दमात उलटावे. धिरड्यावर फिरवतो तसे उलथणे येथे मुळीच दाबू नये. कोबी आतल्या वाफेवर शिजतो, आणि दाबल्याने ती वाफ निघून जाऊन मधला भाग गच्च व पिठाळ होतो.

भाजून झाल्यावर आच मंद करून दाट, आंबटगोड सॉस कडेपर्यंत लावावा, त्यावर मेयोनेज, ‘आओनोरी’ हे वाळवलेले हिरवे समुद्री शेवाळ आणि ‘कात्सुओबुशी’ हे सुक्या माशाचे पातळ पापुद्रे घालावेत. वाफेने ते पापुद्रे हलू लागतात. थोडा सॉस तव्यावर ओघळून करपला तरी तो पुसू नये, त्याचा खमंग वास हवाच.

छोट्या उलथण्याने चौकोनी तुकडे पाडून, बाकीचे तव्यावरच गरम ठेवत, एकेक तुकडा ताटलीत घ्यावा. अनेक स्थानिक लोक उलथण्यावरूनच खातात. परंतु त्याची तापलेली कड ओठांना चटका देते, तेव्हा चॉपस्टिक वापरण्यात काहीही वावगे नाही. हिरोशिमाच्या पद्धतीत कोबी, नूडल्स व अंडे यांचे थर असतात, म्हणून तेथे उलथणे सरळ तळापर्यंत उतरवावे, म्हणजे प्रत्येक घासात सगळे थर येतात.

शाकाहारी वाचकांनी केवळ मांस व पापुद्रे वगळून निश्चिंत होऊ नये. पीठ बहुधा ‘दाशी’त, म्हणजे माशाच्या अर्कात, भिजवलेले असते आणि सॉसमध्येही कालव किंवा मांसाचा अर्क असू शकतो, त्यामुळे कडक शाकाहार पाळणाऱ्यांनी खास शाकाहारी पदार्थ देणारे उपाहारगृहच शोधावे.