नायट्रोटोल्युइनचा एनएमआर वाचायला बसण्यापूर्वी

एनएमआर म्हणजे चुंबकीय क्षेत्रात ठेवलेल्या रेणूतल्या हायड्रोजन आणि कार्बनच्या सिग्नलांवरून रचना ओळखण्याची पद्धत. सॅम्पलची ट्यूब त्या मशीनवर जाण्याआधीच एक कोरा कागद घ्या आणि शक्य असलेल्या सगळ्या रचना त्यावर काढा. उदाहरणादाखल नायट्रोटोल्युइन घेऊ, म्हणजे एक मिथाइल आणि एक नायट्रो गट असलेलं बेंझिन वलय. रेणुसूत्रात ७ कार्बन, ७ हायड्रोजन, १ नायट्रोजन आणि २ ऑक्सिजन. असंपृक्ततेचा अंश (वलयं आणि दुहेरी बंध मिळून) ५ येतो, त्यातले ४ बेंझिन वलयाचे आणि १ नायट्रो गटाचा. हेच सूत्र अमिनोबेंझोइक आम्लाचंही आहे, म्हणून तेही कागदावर असू द्या. मिथाइलचा सिंगलेट (न फुटलेली एकच रेषा) दिसला की मग खोडा. प्रत्येक रचनेपुढे कार्बनचे किती सिग्नल यायला हवेत तेही लिहून ठेवा. ऑर्थो (दोन गट शेजारी-शेजारी) आणि मेटाला (एक जागा सोडून) ७, पॅराला (समोरासमोर) सममितीमुळे ५. वलयावरच्या जागा ठरवताना केमिकल शिफ्टच्या (सिग्नलच्या पीपीएममधल्या जागेच्या) पाठांतरापेक्षा या मोजणीवर माझा जास्त भरवसा आहे.

सॅम्पल प्रोटॉनसाठी (म्हणजे हायड्रोजनच्या स्पेक्ट्रमसाठी) ५ ते १० मिलिग्रॅम पुरतं, कार्बन काढायचा असेल तर २० च्या पुढे घ्या. सुमारे ०.६ मिली सीडीसीएलथ्रीमध्ये (हायड्रोजनऐवजी ड्युटेरियम असलेल्या क्लोरोफॉर्ममध्ये) विरघळवा आणि पाश्चर पिपेटमध्ये कापसाचा छोटा बोळा घालून थेट ट्यूबमध्ये गाळा. तरंगणारा कण राहिला तर शिमिंग (चुंबकीय क्षेत्र एकसारखं करणं) बिघडतं आणि रेषा रुंदावतात. त्याआधी सॅम्पल व्हॅक्यूमवर नीट सुकवलेलं हवं. राहिलेला अ‍ॅसिटोन २.१७ पीपीएमवर दिसतो, इथाइल अ‍ॅसिटेट ४.१२, २.०५ आणि १.२६ वर. वलयावरचं मिथाइल याच भागाच्या शेजारी येतं, तेव्हा हे आकडे डोळ्यांसमोर असू द्या. क्लोरोफॉर्मचा ७.२६ चा सिग्नल तर अरोमॅटिक भागातच येतो. पॅरा-नायट्रोटोल्युइनचा एक डबलेट (दोन रेषांत फुटलेला सिग्नल) ७.३१ ला आहे, अगदी त्याच्या शेजारी. इंटिग्रेशन (सिग्नलखालचं क्षेत्रफळ, ज्यावरून प्रोटॉन मोजतात) संशयास्पद वाटलं तर दुसरं सॉल्व्हंट घेऊन पुन्हा स्पेक्ट्रम काढा.

आता खरा मुद्दा, कपलिंगचा, म्हणजे शेजारच्या प्रोटॉनमुळे सिग्नल फुटण्याचा. डबलेट आहे एवढ्यावर थांबू नका, जे (J, म्हणजे फुटलेल्या रेषांमधलं हर्ट्झमधलं अंतर) मोजा. दोन रेषांमधलं पीपीएमचं अंतर मशीनच्या मेगाहर्ट्झने गुणलं की हर्ट्झ मिळतात. ३०० च्या मशीनवर ८ हर्ट्झ म्हणजे जेमतेम ०.०२७ पीपीएम, म्हणून पीक पिकिंग (रेषांच्या जागांची यादी) दशांशाच्या तीन-चार स्थळांपर्यंत छापून घ्या. ऑर्थो शेजाऱ्यांमध्ये ७ ते ९ हर्ट्झ, मेटामध्ये १ ते ३, पॅरामध्ये बहुधा काही दिसतच नाही. पॅरा-नायट्रोटोल्युइनमध्ये ८.१० आणि ७.३१ ला दोन-दोन प्रोटॉनचे डबलेट येतात, दोन्ही सुमारे ८ हर्ट्झचे. जवळून पाहिलं तर त्यांच्या आत बारीक रेषाही असतात. ती अशुद्धी नव्हे. सममित वलयाचा तो नेहमीचा नमुना आहे. मेटा असेल तर दोन गटांमध्ये अडकलेल्या प्रोटॉनला ऑर्थो शेजारीच नाही, त्यामुळे तो जवळपास सिंगलेटसारखा अरुंद दिसतो, आणि दुसरीकडे ८ हर्ट्झचा एक ट्रिपलेट (तीन रेषा) सापडतो. ही जोडी मिळाली की मेटा.

शिफ्टचा हिशेबही करून ठेवा, पण दुजोरा म्हणून. पायाभूत ७.२७ (साध्या बेंझिनचं) धरा, त्यात प्रत्येक गटाचा वाटा मिळवा: नायट्रोचा ऑर्थोला +०.९५, मेटाला +०.२६, मिथाइलचा ऑर्थोला −०.२०, मेटाला −०.१२. पॅरासाठी ८.१० आणि ७.३३ येतात, प्रत्यक्षाला अगदी लागून. तीन-चार गटांच्या वलयात, विशेषतः ते शेजारी-शेजारी असतील तर, हा हिशेब घसरतो.

कार्बनसाठी वेळ जास्त मागून घ्या. ज्या कार्बनवर हायड्रोजन नाही ते हळू शिथिल होतात (पल्सनंतर मूळ स्थितीला उशिरा येतात) आणि सिग्नल बुटके येतात. पॅरा-नायट्रोटोल्युइनचे असे दोन कार्बन १४६ च्या आसपास जवळजवळ चिकटून असतात. घाईत एकच मोजला तर ५ ऐवजी ४ भरतील.

सॅम्पल टोल्युइनच्या नायट्रेशनमधून आलं असेल तर त्यात ऑर्थो आणि पॅरा दोन्ही असणार, मेटा अगदी थोडं. अशा वेळी मिथाइलच्या भागात २.६० आणि २.४६ असे दोन सिंगलेट शोधा, त्यांच्या इंटिग्रेशनवरून प्रमाण काढा, आणि त्यानंतरच अरोमॅटिक भागातले प्रोटॉन वाटायला घ्या.