निवृत्तीनंतरचा पहिला मोकळा उन्हाळा: बोटिंग, गोल्फ, जुने मित्र आणि या चुका टाळा

आपल्याकडे १ जून जन्मतारीख असलेली माणसं ढिगाने आहेत. शाळेत नाव घालताना गुरुजींनी टाकलेली ती तारीख. सरकारी नोकरीतली ही सगळी मंडळी ३१ मेला निवृत्त होतात आणि पुढचा मार्च उजाडला की पहिला मोकळा उन्हाळा पुढ्यात येतो. पानशेतला बोटिंग करू, गोल्फ शिकू, कॉलेजचे मित्र गोळा करू. बेत उत्तम आहेत. अशा मंडळींबरोबर मी बरीच वर्षं पाण्यावर आणि गोल्फच्या मैदानावर जातोय आणि दर उन्हाळ्यात त्याच चुका बघतोय. नोकरीत घड्याळ मागे लागलेलं असायचं, ते समजू शकतो. आता कुणीही मागे लागलेलं नसताना घाई कशाची, हे मला अजून कळलेलं नाही.

पहिली चूक घरातूनच सुरू होते: रविवारी निघणं. चाळीस वर्षांची सवय सुटत नाही. रविवारी सिंहगड रोडला आणि खडकवासल्याच्या चौपाटीवर काय गर्दी असते ते पुण्यात कुणाला सांगायला नको. तुमच्याकडे मंगळवार आहे. मंगळवारी पहाटे साडेपाचला निघा.

बोट काठाला लागण्याआधी उठणं

यावर मी जास्त बोलणार आहे, कारण मी पाहिलेली बहुतेक पडापड बोटीतून उतरतानाची आहे.

पानशेत-वरसगावचं पाणी उन्हाळ्यात खडकवासल्यात सोडतात, तिथून ते शहराला आणि कालव्याला जातं. वरच्या धरणांची पातळी त्यामुळे सतत उतरत असते आणि काठ दर आठवड्याला बदलतो. पंधरा दिवसांपूर्वी जिथे पाणी होतं तिथे गाळ उघडा पडतो. वरून वाळून भेगा पडलेला, चांगला कडक दिसणारा. पाय टाकला की गुडघ्यापर्यंत आत.

आमच्यातले बापू बँकेतून निवृत्त झालेले. मे महिन्यात पानशेतच्या बॅकवॉटरला गेलो होतो. परतताना काठ वीस-पंचवीस फुटांवर आला आणि बापूंनी लाइफ जॅकेटची बकलं सोडली. ‘आता काय, आलोच की!’ बोट चालवणारा मुलगा म्हणाला, ‘काका, बसा, दोरी बांधू द्या.’ बापू उभे राहिले, एक पाय काठावर टाकला आणि पुढे जोर दिला. माणूस पुढे जोर लावतो तेव्हा तोच जोर बोटीला मागे रेटतो. बोट बांधलेली नव्हती, ती सरकली. पुढचा पाय मांडीपर्यंत गाळात गेला, मागचा बोटीबरोबर लांब गेला आणि बापू तोंडावर पाण्यात पडले. पाणी कमरेएवढंच होतं, पण पाय रुतलेल्या माणसाला तेवढं पाणी पुरतं. सुटं जॅकेट वर सरकून तोंडावर आलं, त्यामुळे त्यांना श्वासही घेता येईना. त्या मुलाने उडी टाकून आधी जॅकेट बाजूला केलं आणि डोकं वर धरलं. मग आम्ही एक वल्हं गाळावर आडवं ठेवलं, बापूंना त्याच्यावर छाती टेकायला लावली आणि गुडघा इकडेतिकडे हलवत हलवत पाय मोकळा केला. बूट गाळातच राहिला. कानातलं मशीन गेलं. घोट्याचं लिगामेंट फाटलं आणि अख्खा पावसाळा घरात गेला. हे सगळं अर्धा मिनिट वाचवण्यासाठी.

माझी पद्धत ठरलेली आहे. दोरी बांधून होईपर्यंत दोन्ही हात बाकावर. उतरायचं एकेकाने, बोटवाल्याचा हात धरून. हात धरण्यात कमीपणा वाटतो त्याने काठावरच चहा प्यावा. आणि जॅकेट काढायचं ते कोरड्या जमिनीवर आल्यावर.

जॅकेट चढवतानाही लोक घाई करतात. पोटावर पट्टा पुरत नाही म्हणून नुसतं गळ्यात अडकवतात. बकलं लावून झाली की मी प्रत्येकाच्या जॅकेटचे खांदे धरून वर ओढतो. ते हनुवटीच्या वर सरकलं तर साइझ मोठा आहे किंवा पट्टे सैल आहेत. बोटवाल्याकडे बसेल असं जॅकेट नसेल तर त्या बोटीत बसायचं नाही, पैसे दिलेले असले तरी.

पाण्यावरच्या बाकीच्या चुका थोडक्यात:

फोटोसाठी बोटीत उभं राहू नका.

दुपारी जाऊ नका. सकाळी सातला पाणी स्थिर असतं, ऊन चढलं की वारा सुटतो आणि छोटी बोट हेलकावते.

कानातलं मशीन आणि कवळी यांची बोटीत चढण्यापूर्वीच व्यवस्था लावा. मशीन काढून डबीत ठेवायचं असेल तर तसं शेजाऱ्याला सांगा, म्हणजे तो हाताने खुणा करेल.

इंजिनिअरिंग कॉलेजच्या बोट क्लबवर घडलेले, रिगाटा म्हणजे बोटींच्या शर्यती गाजवलेले आमचे दोस्त वल्हं हातात आलं की थेट शर्यतीचा वेग धरतात. हाताला लय आठवते, कंबरेला आठवत नाही. पहिल्या दिवशी पंधरा मिनिटं पुरे.

धरणात पोहायला उतरू नका. यावर चर्चा नाही.

तहान लागल्यावर पाणी पिणं

वय वाढतं तशी तहानेची जाणीव बोथट होते. अंगातलं पाणी कमी झालेलं असतं आणि तोंड कोरडंही पडत नाही. एप्रिल-मेमध्ये पुण्याचा पारा चाळिशीला टेकतो, त्यात अनेकांना रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी चालू असते. उन्हाळा लागण्याआधी डॉक्टरांना एकदा विचारून घ्या. गोळी आपल्या मनाने बंद करायची नाही. मी तहानेची वाट बघत नाही, दर अर्ध्या तासाला दोन घोट घेतो. ताक सगळ्यात बरं. पन्ह्यात आणि कोकम सरबतात साखर किती आहे ते मधुमेह असलेल्यांनी बघावं. बिअर बोटीवर नको, गोल्फ खेळतानाही नको.

गोल्फ: आधी सेट, मग शिकणं

निवृत्तीचे पैसे हातात आले की पहिल्याच आठवड्यात क्लबांचा, म्हणजे गोल्फच्या काठ्यांचा, पूर्ण सेट आणि चकाचक बॅग येते. नियमाने जास्तीत जास्त १४ क्लब नेता येतात म्हणून १४ घ्यायचेच, असा काहींचा समज असतो. नवशिक्याला पटर (बॉल हळूच ढकलायचा), सेव्हन आयर्न (मध्यम अंतराचा) आणि एक वेज (जवळच्या, उंच फटक्याचा) एवढंच लागतं, तेही उसने मिळतात. पहिले तीन महिने काही विकत घेऊ नका.

त्याहून मोठी चूक ड्रायव्हरची, म्हणजे लांब फटक्याच्या सगळ्यात लांब क्लबची. एक सद्गृहस्थ ड्रायव्हिंग रेंजवर, म्हणजे फटक्यांच्या सरावाच्या मैदानावर, रोज बादलीभर बॉल घ्यायचे आणि ड्रायव्हरने सगळ्या ताकदीने हाणायचे. वॉर्मअप नाही, कोच नको, ‘यूट्यूबवर सगळं आहे.’ महिन्याभरात कोपराच्या आतल्या बाजूला अशी कळ सुरू झाली की चहाचा कप उचलवेना. त्यांचा ग्लव्ह मी मागून घेतला. तळव्याच्या टाचेपाशी, करंगळीच्या खालच्या बाजूला, चामडं घासून भोक पडलं होतं. क्लब हातात सरकतोय, म्हणून ते आणखी आवळतायत, म्हणून कोपरावर ताण. ग्रिप बोटांत हवी होती, ती तळव्यात होती. चांगल्या कोचने पहिल्याच दिवशी दाखवलं असतं. कोचची फी वाचवणारे फिजिओथेरपीला जास्त मोजतात.

पटिंगचा, म्हणजे बॉल हळूच ढकलून भोकात घालण्याचा, सराव कुणालाच नको असतो. पार ७२ च्या कोर्सवर, म्हणजे अठरा होल ७२ फटक्यांत पुरे करणं अपेक्षित असतं तिथे, प्रत्येक होलला दोन पट धरलेले असतात, म्हणजे ३६. निम्मा खेळ ग्रीनवर, म्हणजे भोकाभोवतीच्या बारीक कापलेल्या हिरवळीवर आहे. तिथे ताकद लागत नाही, कंबर पिळावी लागत नाही, साठी-सत्तरीला याहून योग्य काय असणार? माझ्याबरोबर येणाऱ्याला मी पहिला महिना पटिंग ग्रीनवरच ठेवतो. जे कंटाळून जातात त्यांना मी अडवत नाही.

आणखी दोन गोष्टी. हरवलेला बॉल २०१९ पासून फक्त तीन मिनिटं शोधता येतो. मागचे लोक ताटकळत असताना झुडपात काठी घालत बसू नका. आणि सुरुवातीला नऊ होल पुरेत. अठरा होलना चार तास सहज लागतात, शेवटचा तास पूर्ण उन्हात.

वळवाला कमी लेखणं

दुपारी ढग जमतात, गडगडतं आणि मंडळी म्हणतात, ‘एवढा होल संपवू.’ उघड्या मैदानात हातात धातूचा क्लब घेऊन उभा असलेला माणूस आणि विजा, यात संपवण्यासारखं काही नाही. गडगडाट ऐकू आला की खेळ थांबला. झाडाखाली नाही, टपावर छप्पर असलेल्या उघड्या गोल्फ कार्टमध्येही नाही. पक्क्या इमारतीत किंवा काचा बंद केलेल्या गाडीत. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर यायचं नाही. पाण्यावर असाल तर पहिला ढग काळा दिसताच काठाकडे वळा.

‘सगळे जमले की जाऊ’

सगळे कधीच जमत नाहीत. एकाची मुलगी सुट्टीला आलेली असते, एकाचं मोतीबिंदूचं ऑपरेशन, एक अमेरिकेत नातवाकडे. ग्रुपवर तारखांचा घोळ घालत मे संपतो. मी वार पक्का करतो आणि जो येईल तो येईल. दोघं आले तरी निघायचं. पाच-सहा आठवडे हे नेमाने केलं की बाकीचे आपोआप वेळ काढतात.

खर्च टीटीएमएम, त्याच दिवशी, तिथल्या तिथे. कुणाची पेन्शन किती ते आपल्याला माहीत नसतं. आग्रहाने सगळ्यांचं बिल भरणारा मित्र प्रेमानेच भरतो, पण ज्याला पुढच्या वेळी तसं भरता येणार नसतं तो येणं बंद करतो. कारण तो सांगत नाही.

कामावरची पदंही बोटीत आणू नका. निवृत्त चीफ इंजिनिअर आणि निवृत्त ज्युनिअर इंजिनिअर एकाच बाकावर बसतात.

ज्याचे गुडघे गेलेत त्याला ‘तुला झेपणार नाही’ म्हणून परस्पर वगळणं ही मला सगळ्यात जास्त लागणारी चूक आहे. त्याला विचारा तरी. तो स्कोअर लिहील, काठावर बसून भेळ कालवेल, दुसरं काही सुचवेल. बायको गेल्यापासून ग्रुपवर गप्प झालेला एखादा मित्रही प्रत्येक बॅचमध्ये असतो. ग्रुपवर टाकलेलं निमंत्रण त्याला पुरत नाही. त्याला आदल्या संध्याकाळी फोन करा, आणि ‘येशील का’ असं विचारू नका. ‘सकाळी साडेपाचला खाली उभा राहा, मी गाडी घेऊन येतोय’, एवढंच सांगा.