खाऱ्या वाऱ्यातला वॉ: जुन्या धाटणीचं पेडल कसं जुळवावं

वेंगुर्ल्यातलं आमचं घर किनाऱ्यापासून इतकं जवळ आहे की भरतीच्या वेळी गाज ऐकू येते. खिडकीच्या गजांना दर दोन वर्षांनी नवा रंग द्यावा लागतो. सायकलची चेन महिनाभर तेलाविना राहिली तर लाल होते. या हवेत मी 17 वर्षं एकच वॉ पेडल, म्हणजे गिटारचा आवाज पावलाने बदलणारं खोकं, वाजवतो आहे. जुन्या धाटणीचं, म्हणजे ओतीव धातूचं जड खोकं, वर पाऊल ठेवून हलवायचा, रबर चिकटवलेला पावठा, आणि आत दोन ट्रान्झिस्टर, एक इंडक्टर (तारेचं वेटोळं), मूठभर कपॅसिटर आणि रेझिस्टर. लग्नाच्या ऑर्केस्ट्रात वाजवलं, गणपतीच्या मंडपात वाजवलं, दोनदा पावसात भिजलं, आणि आजही ते माझ्या पायाखाली आहे.

आमच्याकडची नवी मुलं वॉ घेऊन येतात आणि म्हणतात, आवाज पातळ आहे, इंडक्टर बदलू का? माझं उत्तर ठरलेलं असतं. आत्ता नको. वॉ हे अर्धं सर्किट आणि अर्धं यंत्र आहे, आणि दहापैकी आठ वेळा बिघाड यंत्रात असतो. आधी यंत्र जुळवा. एका संध्याकाळचं काम आहे.

पण आत काय चाललंय ते कळलं की हात बरोबर ठिकाणी जातो, म्हणून थोडं ते. तोंडाने 'ऊ' म्हणा आणि न थांबता 'आ' वर या. गळ्यातला सूर तोच राहतो, तोंडाची पोकळी बदलते आणि निराळ्याच उपस्वरांवर जोर येतो. वॉ गिटारच्या सुराला हेच करतो. एक अरुंद पट्टा उचलून धरतो आणि पावलाबरोबर तो पट्टा वर-खाली सरकवतो. टाच दाबलेली असताना तो पट्टा साधारण 400-450 हर्ट्झच्या आसपास असतो, चवडा दाबल्यावर 2,000 हर्ट्झच्या वर जातो. आईने पहिल्यांदा ऐकलं तेव्हा स्वयंपाकघरातून बाहेर येऊन विचारलं होतं, "ह्या पायान बोलता काय?" तिला एका ओळीत सगळं कळलं होतं.

जुन्या सर्किटात इंडक्टर 500 मिलिहेन्रीचा आणि त्याच्या जोडीचा कपॅसिटर 0.01 मायक्रोफॅरडचा असतो. गणित मांडलं तर या जोडीची वारंवारता सुमारे 2,250 हर्ट्झ येते. ती चवड्याकडची बाजू. टाचेकडे येताना पावठ्याखालचा 100 किलोओहमचा पॉट (रेडिओच्या व्हॉल्यूमच्या बटणामागे असतो तसा फिरता रेझिस्टर) दुसऱ्या ट्रान्झिस्टरला जास्त जास्त सिग्नल देतो आणि सर्किटला तो एवढासा कपॅसिटर कितीतरी मोठा भासू लागतो, म्हणून पट्टा खाली उतरतो. म्हणजे सगळा आवाज त्या एका पॉटवर आहे. आणि आपल्या किनाऱ्यावर मीठ सगळ्यात आधी पॉटमध्येच शिरतं.

हे सर्किट 1966 साली कॅलिफोर्नियात थॉमस ऑर्गन कंपनीत जन्माला आलं. ॲम्प्लिफायरवर मधले सूर उचलणारा एक महागडा स्विच होता. त्याच्या जागी स्वस्त पॉट बसवता येईल का, हे ब्रॅड प्लंकेट नावाचा इंजिनिअर बघत होता. पॉट फिरवला आणि हा आवाज निघाला. मग ते सर्किट ऑर्गनच्या व्हॉल्यूम पेडलच्या खोक्यात घातलं, आणि 1967 मध्ये व्हॉक्स या कंपनीने क्लाइड मॅकॉय या ट्रम्पेटवादकाच्या नावाने ते बाजारात आणलं, कारण ट्रम्पेटच्या तोंडाशी म्यूट (आवाज दाबणारं झाकण) धरून हलवल्यावर येणाऱ्या आवाजाशी त्याचं जवळचं नातं होतं. गंमत म्हणजे खोकं, दात्यांची पट्टी, पॉट ही सगळी मांडणी तेव्हापासून फारशी बदललेली नाही. त्यामुळे पुढचं सगळं जवळजवळ कुठल्याही जुन्या धाटणीच्या पेडलला लागू पडतं.

आता पेडल उलटं करा. चार कोपऱ्यांत रबराचे पाय असतात, त्यांचेच स्क्रू काढायचे. आपल्याकडे हे स्क्रू जाम झालेले असतात. जोर लावून खाच झिजवू नका. गंज सोडवणाऱ्या तेलाचा एक थेंब स्क्रूच्या कडेला टाका, रात्रभर ठेवा, सकाळी पूर्ण मापाच्या स्क्रू-ड्रायव्हरने फिरवा. तेल बाहेरूनच, आत जाता कामा नये. एकदा निघाले की त्याच आट्याचे स्टेनलेस स्टीलचे घाला. झाकण उघडल्याबरोबर मोबाइलवर दोन-तीन फोटो काढा, कुठली वायर कुठे ते नीट दिसेल असे.

पाऊल हलवताना खरखर येत असेल तर पॉट साफ करायचा. पॉटच्या पायांजवळ जी फट असते तिथे नळी टेकवून कॉन्टॅक्ट क्लीनर मारा. इलेक्ट्रॉनिक्ससाठीचा, प्लॅस्टिक न खाणारा आणि मागे तेल न सोडणारा. मग पावठा पंचवीस-तीस वेळा पूर्ण वर-खाली करा आणि अर्धा तास वाळू द्या. मी सुरुवातीला एका दुरुस्तीवाल्याकडे पेडल दिलं होतं. त्याने दारांच्या बिजागऱ्यांना मारायचा तेलकट स्प्रे आत फवारला. आठवडाभर छान चाललं, मग त्या तेलावर धूळ बसून कार्बनच्या पट्टीवर चिखल झाला आणि पॉट टाकून द्यावा लागला. खोबरेल तेलाचंही तेच. घरात असतं म्हणून हात जातो, पण इथे नको.

साफ करूनही खरखर परत आली तर पॉटमधली कार्बनची पट्टी झिजली आहे. नवा पॉट घेताना फक्त 100 के (किलोओहम) बघून चालणार नाही. वॉसाठी म्हणून बनवलेला घ्या, कारण त्याचा चढ, म्हणजे फिरवताना रेझिस्टन्स कसा बदलत जातो ते, निराळा असतो. साधा पॉट बसवला तर सगळा 'वा' पावलाच्या शेवटच्या बोटभर हालचालीत गोळा होतो.

नव्या पॉटलाही खरखर असेल तर मात्र पॉट निर्दोष आहे. मल्टिमीटर डीसी व्होल्टवर ठेवा, बॅटरी जोडून इनपुटला गिटारच्या वायरची पिन घाला, आणि पॉटचा मधला पाय ते ग्राउंड (सर्किटची शून्य व्होल्टची बाजू) असं मोजा. आकडा शून्याला टेकलेला हवा. व्होल्टेज दिसलं तर पॉटच्या आजूबाजूचा 0.22 मायक्रोफॅरडचा कपॅसिटर गळतो आहे आणि डीसी पॉटवर येतोय. तो बदला, खरखर जाते. हे मला कळायला दोन पॉट वाया गेले.

आता या सगळ्यातलं माझं सगळ्यात आवडतं काम. पावठ्याखाली दात्यांची एक पट्टी असते, ती पॉटच्या दांड्यावरच्या चाकाला फिरवते. पट्टी पॉट पूर्ण फिरवत नाही, त्याच्या फेरीचा एक तुकडाच वापरते. कुठला तुकडा, हे तुम्ही ठरवायचं. पट्टी चाकापासून हलकेच बाजूला ओढा, चाक एक दात फिरवा, पट्टी परत बसवा, वाजवून बघा. एका बाजूला गेलात तर चवड्याकडचा आवाज धारदार होतो, दुसऱ्या बाजूला टाचेकडचा 'ऊ' खोल होतो. एका वेळी एकच दात. एका दाताने किती फरक पडतो हे पहिल्यांदा ऐकाल तेव्हा इंडक्टर शोधायचं वेड आपोआप ओसरेल. मी माझं पेडल टाचेकडे दोन दात सरकवलं आहे, कारण आमच्या ऑर्केस्ट्रात कीबोर्ड आणि झांजा वरच्या सुरांची जागा आधीच भरून टाकतात, तिथे माझा धारदार आवाज नुसता टोचायचा.

एक काळजी घ्या. पावठा शेवटाला पोचायच्या आधी पॉट आपल्या अडसराला टेकता कामा नये. तसं झालं तर पायाचं सगळं वजन पॉटच्या आतल्या पातळ अडसरावर येतं आणि तो तुटतो. बसवल्यावर आधी हाताने हळूहळू दोन्ही टोकांपर्यंत नेऊन बघा. दात्यांना लावायचंच असेल तर तीळभर सिलिकॉन ग्रीस.

चाल म्हणजे पावठा किती घट्ट फिरतो ते. मधे कुठेही सोडला तर तिथेच राहायला हवा. बिजागरीचा नट पाव-पाव फेरा आवळत जा. काही पेडलांत दात्यांच्या पट्टीला मागून टेकणारा प्लॅस्टिकचा छोटा तुकडा असतो, त्याचा स्क्रूही बघा. मंडपात मी अनवाणी वाजवतो, समोर गणपती असतो. अनवाणी पायाला चाल जरा सैल लागते, बुटाला घट्ट. ज्या पायाने वाजवणार त्याच पायाने जुळवा.

चवड्याखालचा स्विच त्याच्या दोन नटांवर वर-खाली होतो. नेहमीच्या वाजवण्यात चवडा पूर्ण खाली गेला तरी तो कट्ट व्हायला नको, मुद्दाम दाबल्यावरच व्हावा. जुन्या पेडलांतला स्विच एकेरी असतो. पेडल बंद असलं तरी सर्किटचं इनपुट गिटारला लटकलेलं राहतं, आणि ते साधारण 1 लाख ओहमच्या घरातलं, तर गिटारच्या पिकअपला (तारांचा आवाज पकडणाऱ्या चुंबकी भागाला) 10 लाखांच्या आसपास मोकळीक लागते. म्हणून बंद असतानाही आवाज ब्लँकेटखाली गेल्यासारखा होतो. सोल्डरिंग येत असेल तर सहा पायांचा दुहेरी स्विच लावा, म्हणजे बंद असताना सर्किट दोन्ही बाजूंनी सुटतं. माझ्या मते जुन्या पेडलमधला करण्यासारखा बदल हा एकच आहे.

वीज 9 व्होल्टची. इनपुटला पिन घातली की बॅटरी सुरू होते, म्हणून वाजवून झालं की पिन काढायची. अडॅप्टर लावणार असाल तर आधी ध्रुव तपासा, बहुतेकांना मध्ये निगेटिव्ह लागतो. गणेशोत्सवात जनरेटरवर स्टेज असतो तेव्हा मी बॅटरीच लावतो, घरघर निम्म्याहून कमी होते. बॅटरीवरही गुणगुण आली तर पेडल जागच्या जागी थोडं फिरवून बघा. इंडक्टर म्हणजे तारेचं वेटोळं, आजूबाजूच्या ट्रान्सफॉर्मरचं चुंबकीय क्षेत्र तो पकडतो. ॲम्प आणि अडॅप्टरच्या गठ्ठ्यापासून हातभर लांब ठेवा.

वॉ गिटारनंतर लगेच आणि डिस्टॉर्शन (आवाज फाटका करणारं पेडल) त्याच्या पुढे, हा माझा क्रम. बोलणं स्पष्ट राहतं. डिस्टॉर्शननंतर वॉ लावला तर झोत फार रुंद आणि आक्रमक होतो, कधी कधी तोच हवा असतो. जुन्या धाटणीचा फझ (आणखी खरखरीत फाटका आवाज देणारं पेडल) मात्र वॉच्या पुढे बसवला की वॉ मुका होतो, कारण फझचं इनपुट वॉच्या आउटपुटला दाबून टाकतं. दोघांच्या मध्ये बफर, म्हणजे एकाचा भार दुसऱ्यावर न येऊ देणारं छोटं सर्किट, घाला.

आता पाय. नवी मुलं तालावर पाय आपटतात, प्रत्येक ठोक्याला टाच-चवडा, टाच-चवडा. दोन मिनिटांत कान विटतो. डग्ग्यावर तळहाताने घिस्सा कसा घेतात ते आठवा. थाप एक, पण हात तिला ओढत नेतो, आणि प्रत्येक थापेला कुणी घिस्सा घेत नाही. सरावाला कहरवा घ्या, मिनिटाला 60 मात्रांची लय. 'धा गे ना ती' या चार मात्रांत पावठा टाचेकडून चवड्याकडे, 'न क धी न' मध्ये परत, आणि हाताने एकच लांब सूर. चारही मात्रांवर स्वर सारखा उघडत गेला पाहिजे, 'ऊ, ओ, ऑ, आ'. हालचाल घोट्यातून, गुडघा स्थिर. हे आठवडाभर झालं की मग तारा हाताने दाबून 'चक चक' काढा आणि पाय तसाच संथ ठेवा. हात चौपट, पाय एकपट. 1970 नंतरच्या फंक गिटारमधला तो प्रसिद्ध आवाज यातूनच येतो.

आणखी एक वापर आहे, तो मला जास्त प्रिय आहे. पावठा एका जागी ठेवून न हलवता वाजवायचा. आवाज नाकात येतो, सनईच्या जवळ जातो. लग्नाच्या गाण्यांत तो फार शोभतो. ती जागा अंधारात सापडावी म्हणून मी खोक्याच्या बाजूवर पांढऱ्या नेलपॉलिशचा ठिपका लावला आहे आणि पावठ्याच्या कडेला दुसरा. दोन ठिपके समोरासमोर आले की झालं.

मृगाचा पाऊस लागायच्या आधी बॅटरी काढा, बाहेरचा धातू कोरड्या फडक्याने पुसा, आणि पेडल झाकण घट्ट बसणाऱ्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवा. नुसत्या प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळू नका, आत दव धरतं. चिऱ्याच्या भिंतीला किंवा जमिनीला टेकवून डबा ठेवायचा नाही, फळीवर ठेवा. दर पंधरा दिवसांनी काढून दहा मिनिटं वाजवा, पॉट आणि स्विच फिरते राहतात. माझा डबा पेटीच्या शेजारी असतो, त्यामुळे श्रावणात भजनाला पेटी निघाली की पेडलही निघतं.