थ्रीडी प्रिंटसाठी ब्रॅकेट काढताना: आधी थरांची दिशा, मग आकार

मिलिंगसाठी (धातू कातून भाग घडवण्यासाठी) काढलेलं ड्रॉइंग तसंच्या तसं प्रिंटरला दिलं, तर भाग तयार होतो, पण बऱ्याचदा टिकत नाही. फिलामेंटच्या (प्लास्टिकच्या तारेच्या) प्रिंटमध्ये वितळलेली रेघ आधीच निवलेल्या थरावर बसते, त्यामुळे दोन थरांमधला सांधा थराच्या आतल्या ताकदीपेक्षा कच्चा राहतो. म्हणून स्केच काढायला घेण्याआधी एक गोष्ट ठरवा: भाग बेडवर, म्हणजे प्रिंटरच्या सपाट पाटावर, कोणत्या अंगावर छापायचा?

साधा एल-ब्रॅकेट घेऊ. दोन्ही पाय 50 मिमी, रुंदी 20, जाडी 6. उभा पाय भिंतीला एम4 (4 मिमी व्यासाच्या) स्क्रूने घट्ट, आडव्या पायावर वजन. पहिला मोह असतो आडवा पाय बेडवर टेकवून छापायचा. सपोर्ट (अधांतरी भागाखाली छापायचा तात्पुरता टेकू) लागत नाही, शिवाय दिसायलाही तसंच बरोबर वाटतं. पण मग उभ्या पायात थर विटांसारखे एकावर एक चढतात. वजन पडलं की कोपऱ्याच्या जरा वर ते सुटतात. तुटलेली जागा सपाट आणि स्वच्छ दिसली, तर दोष मटेरियलचा नाही, दिशेचा आहे.

हाच ब्रॅकेट कुशीवर झोपवा. आता प्रत्येक थरात पूर्ण एल येतो, रेघा कोपऱ्यातून अखंड वळतात आणि प्रिंटची उंची फक्त 20 मिमी होते. आतल्या कोपऱ्याला 6 ते 8 मिमी त्रिज्येचा फिलेट (गोलाई) द्या. या दिशेत त्याला सपोर्टचा खर्च नाही. बेडला टेकणाऱ्या कडेला मात्र फिलेट नको. तो सुरुवातीला जवळजवळ आडवाच बाहेर झुकतो आणि कड लोंबते. तिथे 45 अंशांचा, 0.4 मिमीचा चॅम्फर (तिरका काप) द्या. पहिला थर दाबून बसवल्यामुळे जो बाहेर पसरतो, तोही त्यात सामावतो.

किंमत भोकांना मोजावी लागते, कारण कुशीवर झोपवल्यावर सगळी भोकं आडवी होतात. आडव्या गोल भोकाचं छत हवेत छापलं जातं आणि खाली झुकतं. उभ्यापासून 45 अंशांपर्यंतचा कल बहुतेक प्रिंटर सपोर्टशिवाय पेलतात, तेव्हा भोकाला थेंबाचा आकार द्या: वर्तुळाला दोन्ही बाजूंनी 45 अंशांच्या स्पर्शरेषा काढून वर मिळवा. 4.5 मिमी व्यासाच्या भोकात टोक केंद्रापासून 3.2 मिमीवर येतं. टोक वरच्या बाजूलाच हवं. मॉडेल उलटं ठेवलं तर सगळी मेहनत पाण्यात.

एम4 नटसाठी षट्कोनी खाच हवी असेल, तर सपाट बाजू वर ठेवा. नटची समोरासमोरच्या बाजूंची रुंदी 7 मिमी असते, खाच 7.3 ठेवली की एक बाजू सुमारे 4.2 मिमी येते आणि तेवढा पूल रेघ सहज ओलांडते. कोपरा वर ठेवला तर छताचा कल आडव्यापासून जेमतेम 30 अंश उरतो आणि नट शिरताना अडतो.

भोकं जवळजवळ नेहमीच लहान निघतात. प्लास्टिक आकसतं, वळणावर रेघ आत ओढली जाते आणि एसटीएलमधलं (प्रिंटसाठी मॉडेल ज्यात साठवतात त्या फाइलमधलं) वर्तुळ मुळात सरळ तुकड्यांचं असतं. म्हणून आधी चाचणीचा तुकडा छापा: 6 मिमी जाडीच्या पट्टीत 4.5, 4.6, 4.7 आणि 4.8 मिमीची भोकं. हा तुकडा ब्रॅकेटच्याच दिशेत छापायचा. पट्टी बेडवर सपाट टाकून मिळालेला आकडा आडव्या भोकाला लागू पडत नाही, आणि विद्यार्थी सर्वाधिक चुकतात ते इथेच. एकमेकांत सरकणाऱ्या भागांसाठी 0.3 मिमी फटीपासून सुरुवात करा.

ताकद हवी म्हणून इनफिल (आतला जाळीदार भराव) 80 टक्क्यांवर नेऊ नका. वाकताना ताण बाहेरच्या पृष्ठभागावर सर्वांत जास्त असतो, तेव्हा मटेरियल तिथेच घाला: 0.4 मिमी नोझलला (प्लास्टिक बाहेर सोडणाऱ्या तोटीला) भिंतीच्या 4 रेघा, इनफिल 25 टक्के. 1 मिमीच्या पातळ फासळ्या टाळा, 1.2 घ्या, म्हणजे पूर्ण 3 रेघा बसतात. (रेघेची रुंदी बदलत नेणाऱ्या नव्या स्लायसरमध्ये, म्हणजे मॉडेलचे थर पाडणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, हा त्रास कमी झालाय, पण सवय वाईट नाही.) बेडला टेकणारी जागा अरुंद असल्याने टोकं उचलली जातात; 5 मिमी ब्रिम (पहिल्या थराभोवतीची पातळ झालर) लावा.

पीएलए हा नेहमीचा फिलामेंट 60 अंश सेल्सिअसच्या आसपास मऊ पडतो. शिवाय स्क्रूखाली दाबलेला राहिला की हळूहळू सरकतो आणि घट्टपणा जातो. रुंद वॉशर घाला; गरम जागी पीईटीजी हा जास्त उष्णता सोसणारा फिलामेंट वापरा.

वर्गात शिकवत असाल तर दोन्ही दिशांचे ब्रॅकेट एकाच फिलामेंटमधून, एकाच सेटिंगवर छापून घ्या आणि तुटेपर्यंत वजन टांगायला लावा. ड्रॉइंगवर मापांइतक्याच ठळकपणे बाणाने छपाईची दिशा दाखवलेली नसेल, तर ते अपूर्ण धरून परत करा.