डुलणारा क्रँक डॅम्पर : जुन्या डिझेल इंजिनवर या चुका टाळा

चालू इंजिनाच्या पुढून पाहिलं आणि क्रँकची (पिस्टनांच्या जोरावर फिरणाऱ्या मुख्य दांड्याची) पुली आउट मारताना, म्हणजे डुलत फिरताना दिसली, की गॅरेजमध्ये एकच निदान ऐकू येतं : डॅम्पर (क्रँकच्या पुढच्या टोकाला बसणारा, क्रँकचा पीळ शोषणारा भाग) गेला, नवीन टाका. कधी ते बरोबर निघतं. पण पुली डुलण्यामागे डॅम्परमधलं रबर सुटलेलं असू शकतं, बोल्ट ढिले असू शकतात, हबची (डॅम्परच्या आतल्या भागाची) बसण्याची जागा खराब असू शकते किंवा क्रँकचं पुढचं टोकच वाकलेलं असू शकतं. शेवटच्या दोन कारणांत नवा डॅम्परही जुन्यासारखाच डुलणार. म्हणून आधी डुलतंय काय, ते शोधायचं.

उदाहरणाला कमिन्सचं जुनं सिक्स बीटी घेऊ. ५.९ लिटरचं, एका रांगेत सहा सिलिंडर. टाटा कमिन्सच्या जमशेदपूर कारखान्यातलं हे घराणं टाटाच्या ट्रकांमधून आपल्याकडे पोचलं, जनरेटरवरही भरपूर दिसतं. त्याच्या डॅम्परमध्ये आत हब, बाहेर जड रिंग आणि दोन्हींच्या मधे रबर असतं.

सगळ्यात महाग पडणारी चूक म्हणजे ‘आयडलिंगला इंजिन शांत आहे, म्हणजे डॅम्पर ठीक’ असं धरून चालणं. डॅम्परचं काम इंजिनाची थरथर थांबवणं हे नाही. सहा सिलिंडरचं सरळ इंजिन रचनेनेच तोललेलं असतं. प्रत्येक पॉवर स्ट्रोकला लांब क्रँक किंचित पिळला जातो आणि लगेच उलट उसळतो. ठरावीक आरपीएमला हे पीळ एकावर एक चढत जातात. जड रिंग त्या झटक्यांच्या मागे राहते, मधलं रबर ताण खातं आणि ती ताकद उष्णता होऊन निघून जाते. हा पीळ चेसिसपर्यंत फारसा येतच नाही, त्यामुळे ड्रायव्हरला काही कळत नाही. रबर निकामी झालेलं इंजिन वरवर छान चालत राहतं आणि एक दिवस क्रँक तुटतो. उलट, आयडलिंगला केबिन हलत असेल तर आधी माउंटिंग आणि इंजेक्टर बघा.

दुसरी चूक हल्लीची. चालू इंजिनाचा मोबाइलवर व्हिडिओ काढायचा आणि त्यावरून निर्णय द्यायचा. मोबाइलचा कॅमेरा चित्र एकेका ओळीने टिपतो, त्यामुळे वेगाने फिरणारी सरळ वस्तूही वाकडी दिसते. ट्यूबलाइटच्या उजेडातही डोळा फसतो. व्हिडिओ संशय घ्यायला पुरे, पार्ट मागवायला नाही.

खरी तपासणी इंजिन बंद करून, बॅटरीची निगेटिव्ह केबल काढून करायची. जनरेटर ऑटो स्टार्टवर असेल तर केबल काढल्याशिवाय बेल्टजवळ हात नेऊच नका. वीज गेली की तो विचारायला थांबत नाही. आता हब आणि रिंग यांच्यावरची घाण पुसून त्यांच्यावरच्या खुणेच्या रेषा बघा. सिक्स बीटीवर या रेषा एकमेकींपासून १.५९ मिलिमीटरपेक्षा जास्त सरकल्या असतील तर डॅम्पर बदलायचाच. रबराचे तुकडे उडाले असतील, किंवा ते धातूच्या पृष्ठभागापासून ३.१८ मिलिमीटरपेक्षा जास्त आत गेलं असेल, तरीही बदलायचा. रिंग हबवरून पुढे सरकली आहे का, तेही पाहा. रेषा दिसत नसतील तर हब, रबर आणि रिंग यांवरून पांढऱ्या रंगाची एक सरळ रेघ ओढा, इंजिन लोडवर चालवा आणि बंद करून परत बघा. रेघ तुटली की रबर सुटलं.

रेघ जागेवर आहे, तरी पुली डुलते? मग डायल गेज (बारीक हालचाल मोजणारं घड्याळी माप) लावा, आधी हबच्या तोंडावर, नंतर रिंगवर. हब सरळ आणि रिंग आउट असेल तर दोष डॅम्परचा. हबही आउट असेल तर डॅम्पर काढून क्रँकच्या टोकावर गेज लावल्याशिवाय पुढे जाऊ नका. इथे एक बारकावा हमखास सुटतो. क्रँकला पुढे-मागे मोकळीक असते, या इंजिनावर ०.१० ते ०.४३ मिलिमीटर. प्रत्येक रीडिंगच्या वेळी क्रँक एकाच बाजूला रेटून धरला नाही, तर हीच मोकळीक तुम्ही डुलणं म्हणून मोजाल. क्लच दाबल्यावर पुली स्पष्ट पुढे येत असेल, तर थ्रस्ट बेअरिंग (क्रँकला पुढे-मागे सरकण्यापासून रोखणारं) तपासा. इंजिन फिरवायचं ते फ्लायव्हील हाउसिंगच्या बाजूने. पुलीत टॉमी (लोखंडी दांडा) अडकवून फिरवाल तर चांगला डॅम्परही खराब होईल.

ढिले बोल्ट सापडले, तर नुसते आवळून गाडी सोडू नका. हबमागे तांबूस भुकटी दिसत असेल तर हब क्रँकवर घासत होता. डॅम्पर काढा, भोकं लांबट झाली आहेत का आणि क्रँकची बसण्याची जागा खाल्ली आहे का ते बघा. गंज, रंग, बारीक कंगोरा, काहीही शिल्लक ठेवू नका. तोंडावर अडकलेला एक कणसुद्धा नवा डॅम्पर वाकडा बसवतो. चारही बोल्ट टॉर्क रेंचने १२५ न्यूटन मीटरला. एकाच मधल्या बोल्टवर आणि चावीवर (पुली घसरू नये म्हणून खाचेत बसणाऱ्या धातूच्या तुकड्यावर) बसणाऱ्या पुलीच्या इंजिनांत चावीचा खाचा रुंद झाला आहे का, तेही बघा.

काढताना बाहेरच्या रिंगवर हातोडा मारू नका आणि पुलरही रिंगला लावू नका. पुढचं ऑइल सील गळत असेल तर त्याच वेळी बदला, कारण ऑइल रबराला फुगवतं.

काही जुन्या डिझेल इंजिनांवर टीडीसीची (पिस्टन सगळ्यात वर असण्याच्या स्थितीची) खूण बाहेरच्या रिंगवर असते. रिंग सरकली की खूणही सरकते आणि डिझेल पंपाचं टायमिंग विनाकारण बिघडवलं जातं. सिक्स बीटीवर टीडीसीसाठी टायमिंग पिन आहे, तीच वापरा.

आणि डॅम्परला नवं रबर भरून देतो म्हणणाऱ्याकडे जाऊ नका. रबराचा कडकपणा आणि जाडी त्या क्रँकच्या पिळाला जुळवलेली असते. तिथे कुठलंही रबर चालत नाही. भंगारातला डॅम्परही नको, त्याचं रबर तुमच्या डॅम्परइतकंच म्हातारं असतं. आपल्या इंजिनाच्या नंबरावरून मॉडेल पक्कं करून त्याच नंबरचा नवा घ्या, आणि बसवण्याआधी त्याच्या खुणेच्या रेषा जुळतात का ते दुकानातच बघा.