चोरखिसा, सात किलो आणि व्हिएतनाम

सांगलीत खणभागात माझं शिवणाचं दुकान आहे. ब्लाउज, फॉल-पिको, जूनमध्ये शाळेचे गणवेश. सेहेचाळिसाव्या वर्षी भिशी लागली, तेव्हा गंठण राहू दिलं आणि पाठीवर सॅक टाकून ३२ दिवस एकटी व्हिएतनाम फिरून आले. दुकानात बायका मापं द्यायला येतात आणि तासभर हेच विचारत बसतात, म्हणून एकदाचं लिहून टाकते.

सुरुवात तिकिटापासून नको, पिशवीपासून करा. स्वस्त विमानात हातातलं सामान ७ किलो चालतं. अंदाज करू नका, ओळखीच्या किराणावाल्याच्या काट्यावर ठेवा. माझं पहिल्यांदा साडेअकरा भरलं आणि गणपती पेठेत चारचौघांत हसू झालं. आजी वारीला निघताना म्हणायची, एक अंगावर, एक दांडीवर. मी त्यात एकच वाढवला. कापड मिक्स, म्हणजे सुतात पॉलिएस्टर मिसळलेलं घ्या, रात्री पिळून टाकलं की सकाळी अंगावर चढतं. जाड सुती तिकडच्या दमट हवेत वाळता वाळत नाही. जीन्सचं नावच नको. भडंगाचं पाकीट मात्र ठेवलं, ते काढणं जमलं नाही.

आता चोरखिसा. पैसे-पासपोर्ट ठेवायचा विकतचा कमरपट्टा घामानं चावतो. पासपोर्ट १२.५ बाय ८.८ सेंटीमीटर, म्हणजे साधारण ५ बाय साडेतीन इंच. तयार खिसा ६ बाय साडेचार हवा, म्हणून कापड ७ बाय साडेपाच कापा, चारी बाजूंना अर्धा इंच माया, म्हणजे शिवणीत जाणारं जादा कापड, राहते. सलवारीच्या आत, नेफ्याच्या खाली, डाव्या बाजूला दुहेरी टीप मारा. वेल्क्रो लावू नका, भर बसमध्ये टर्रकन वाजतं. नायलॉनची चेन लावा. पासपोर्ट आधी प्लास्टिकच्या पिशवीत, मग खिशात. दोरा कापायची कातर हातातल्या पिशवीत नेऊ नका. माझी मुंबईला विमानतळावर काढून घेतली. बारा वर्षांची होती. पॉवर बँकेचं उलटं, ती हातातच ठेवायची, चेक-इनच्या बॅगेत चालत नाही.

ई-व्हिसा घरबसल्या निघतो, जास्तीत जास्त ९० दिवसांचा. एकदाच जायचं असेल तर सरकारी फी २५ डॉलर. हुबेहूब सरकारी दिसणाऱ्या दलालांच्या साइटवर मी जवळपास तिप्पट भरणार होते, भाच्यानं हात धरला. नाव पासपोर्टवर जसं आहे अगदी तसंच भरा आणि कागद छापून न्या.

हनोईत पहिला अर्धा तास मी रस्त्याच्या कडेला नुसती उभी होते. स्कूटरींचा लोंढा खंडच पडू देत नव्हता. शेवटी एका म्हातारीच्या मागोमाग उतरले. युक्ती तिचीच: पळायचं नाही, थबकायचं नाही, मागं फिरायचं नाही. एका चालीनं चाललं की गाड्या आपल्याला वळसा घालतात. विश्रामबागच्या चौकात करून बघू नका.

पैशांचं गणित सोपं आहे. तिथलं चलन डाँग. किमतीतली शेवटची तीन शून्यं झाकायची आणि उरलेल्याला साडेतीननं गुणायचं, साधारण रुपये येतात. पण २० हजार डाँगची नोट निळी आणि ५ लाखांचीही निळसरच. रोज मॅचिंग अस्तर शोधणारी मी, तरी संध्याकाळच्या उजेडात कॉफीला ५ लाखाची दिली. त्या बाईनं ती माझ्या हातात परत कोंबली आणि बोटानं शून्यं मोजून दाखवली. मोठ्या नोटा वेगळ्या ठेवा.

आम्ही माळकरी, त्यामुळे जेवणाची धास्ती होती. शब्द एकच पाठ करा: ‘आन चाय’, म्हणजे शाकाहारी. चहा नव्हे. नुसत्या भाज्या दिसल्या तरी माशांचं पाणी, ‘न्युक माम’, आत असतं. ते आधीच विचारा. तिथले बरेच बौद्ध लोक चांद्र महिन्याच्या पहिल्या दिवशी आणि पौर्णिमेला शाकाहार पाळतात. आपल्या एकादशीसारखंच. कॅलेंडर बघून ठेवलंत तर त्या दिवशी चंगळ.

हनोई ते दा नांग रेल्वेनं जा, ७९१ किलोमीटर. खिडकी डावीकडची घ्या, ह्वे शहर सोडल्यावर हाय वान घाटात समुद्र त्याच बाजूला लागतो. सहा बर्थच्या डब्यात सगळ्यात वरचा बर्थ स्वस्त असतो, पण बसायला डोकं टेकतं.

तिथून जवळच होई आन, शिंप्यांचं गाव. एका दिवसात कपडा शिवून देतात, आणि तिथंच सावध राहा. दोन ट्रायलशिवाय पूर्ण पैसे देऊ नका. कपडा उलटा करून बघा: आत माया किती सोडली, काज हातानं भरलं की मशीनवर, कॉलर दाबून पुन्हा उभी राहते का.

मी शिवायला काहीच टाकलं नाही, नुसती बघत बसले. दुकानवालीनं माझे बोटांवरचे सुईचे घट्टे ओळखले. भाषा शून्य. मी चोरखिसा दाखवला. तिनं टीप नखानं ओढून बघितली, मान डोलावली, आणि स्वतःच्या पँटमधला दाखवला. तिचा उजवीकडं होता, जरा मागं सरकवलेला. का ते दुसऱ्या दिवशी बसमध्ये कळलं: माझा पासपोर्ट दर वळणाला पोटात टोचत होता. तेव्हा वर डावीकडं लिहिलंय ते खोडा. उजवीकडं शिवा, शिवणीपासून दोन बोटं मागं.