हंगामी कमाईवर मोठं कर्ज फेडताय? या चुका टाळा

घोडबंदर रोडच्या लॉन्सवर लग्नाची लायटिंग लावणारे, ठाण्यातून लग्नांचे फोटो-व्हिडिओ करणारे, वाशीच्या फळबाजारात आंब्याच्या पेट्यांमागे राबणारे, दिवाळे कोळीवाड्यातून बोटीवर जाणारे, उन्हाळाभर एसी दुरुस्तीला पळणारे. कामं वेगळी, दुखणं एकच. कमाई सहा-सात महिन्यांत होते आणि हप्ता बाराही महिने ठरल्या तारखेला जातो.

कर्जफेडीचे बहुतेक सल्ले पगारदाराला धरून दिलेले असतात: दरमहा एवढं बाजूला टाका, उरलेलं कर्जात भरा. हंगामी कमाईच्या माणसाने ते जसेच्या तसे पाळले तर तो जुलै-ऑगस्टमध्ये अडकतो. मे महिन्यात घरात पापड, कुरडया, मसाला होतो, कोळीवाड्यात सुकट-बोंबील डब्यात जातात. हप्त्यांचीही तशीच पावसाळ्याची बेगमी करावी लागते. पुढच्या बऱ्याचशा चुका ती न केल्यामुळे होतात.

हंगामाचे सगळे पैसे कर्जात ओतणं

ही चूक प्रामाणिक मुलं करतात. मेअखेर हातात लाखभर रुपये असतात, डोक्यात व्याज घोळत असतं, म्हणून सगळी रक्कम वैयक्तिक कर्जात भरली जाते. ५ जूनला बँकेचा मेसेज येतो: हप्ता वळता होणार आहे.

पार्ट-पेमेंट, म्हणजे हप्त्याशिवाय जास्तीची रक्कम कर्जात भरणं, केलं की पुढचे काही हप्ते आगाऊ भरले, असा अनेकांचा समज असतो. तसं होत नाही. ती रक्कम मुद्दलातून वजा होते आणि त्यानंतर एकतर कर्जाची मुदत घटते किंवा हप्ता घटतो. पुढच्या तारखेचा हप्ता द्यावाच लागतो. तो द्यायला पैसे नसतात, मग घरचा किराणा क्रेडिट कार्डावर जातो. म्हणजे १६ टक्क्यांचं कर्ज कमी केलं आणि ४२ टक्क्यांचं नवं उभं केलं.

क्रम असा ठेवा: आधी पावसाळ्याची बेगमी, मग कराचे पैसे, त्यातून उरेल ते पार्ट-पेमेंट. कराचे पैसे म्हणजे अनुमानित उत्पन्न पद्धतीने (खर्चाचा बारीक हिशोब न देता उलाढालीचा ठरावीक हिस्सा उत्पन्न धरून) विवरण भरणाऱ्याचा आगाऊ कर. तो १५ मार्चपर्यंत, नेमका हंगामाच्या मध्यात भरावा लागतो.

पार्ट-पेमेंट करताना मुदत कमी करायची की हप्ता, हा प्रश्न येतो. पगारदाराला मुदत कमी करायला सांगतात आणि ते बरोबरच आहे. हंगामी कमाई असेल आणि पर्याय मिळत असेल, तर आम्ही हप्ता कमी करायला सांगू. त्याने पावसाळ्यातलं ओझं हलकं होतं. हप्त्यातून वाचलेली रक्कम पुढच्या हंगामात पुन्हा मुद्दलात भरता येते. अर्ज लेखी द्या आणि हप्त्यांचं नवं वेळापत्रक मागून घ्या.

बेगमी अंदाजपंचे ठरवणं

'पन्नासेक हजार ठेवले की भागतं' हा हिशोब नव्हे. एक उदाहरण घेऊ. लायटिंगचं सामान घ्यायला ३ लाखांचं कर्ज, १६ टक्के व्याज, ३६ महिने. हप्ता येतो १०,५४७ रुपये. बाइकचा हप्ता ४,५००. घरी द्यायचे १४,०००. महिन्याला झाले २९,०४७ रुपये. जून मध्य ते नोव्हेंबर मध्य असे पाच महिने धरले तर १,४५,२३५. गणपती-नवरात्रात मिळून ६०,००० सुटतील असं मानलं, तरी ८५,२३५ रुपयांची तूट राहते. त्यावर किमान एक महिन्याचे दोन्ही हप्ते जास्तीचे धरा. साधारण एक लाख रुपये जूनच्या आत बाजूला पडायला हवेत.

इथे कॅलेंडर नीट पाहा, इंग्रजी नाही, घरातलं कालनिर्णय. लग्नाचं काम असेल तर आषाढी एकादशी ते तुळशीचं लग्न हा चातुर्मासाचा काळ सुना जातो हे सगळ्यांना ठाऊक असतं. अधिक महिना मात्र विसरला जातो. २०२६ चंच बघा: १७ मे ते १५ जून अधिक ज्येष्ठ. ऐन मे महिन्याचा अर्धा हंगाम गेला, शिवाय गणपती-दिवाळी पुढे सरकल्यामुळे तुळशीचं लग्नही नोव्हेंबरच्या उत्तरार्धात. अशा वर्षी पाच महिन्यांची बेगमी पुरत नाही, सहा महिन्यांची लागते. अधिक महिना साधारण पावणेतीन वर्षांनी येतो, म्हणजे तीन वर्षांच्या कर्जात तो एकदा येणारच. बोटीवरच्यांना निदान तारीख पक्की असते, १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद. पण बंदी उठल्यावरही दर्या खवळलेला असला तर बोट निघत नाही. म्हणून त्यांनी दोन महिन्यांऐवजी अडीच-तीन महिन्यांचं धरावं.

बेगमीचे पैसे रोजच्या यूपीआयच्या खात्यात ठेवू नका. ते तिथे टिकत नाहीत. दुसऱ्या बँकेत वेगळं बचत खातं उघडा आणि तिथून दर महिन्याच्या ३ तारखेला हप्त्याच्या खात्यात ठरावीक रक्कम जाईल अशी कायमची सूचना द्या. ऑटो-डेबिट सकाळी लवकर लागतं, त्यामुळे शिल्लक आदल्या दिवशीच हवी. त्या दिवशी दुपारी पैसे टाकून उपयोग नसतो. हप्ता परत गेला की दोन्हीकडून भुर्दंड पडतो: आपली बँक वेगळं शुल्क घेते, कर्ज देणारी कंपनी वेगळं.

हंगामात रोज थोडं बाजूला टाकायला पतपेढीची पिग्मी सोयीची असते, एजंट दुकानावर येऊन घेऊन जातो. पण सहकारी बँकेतल्या ठेवीला ५ लाखांपर्यंत ठेव विमा असतो, पतसंस्थेतल्या ठेवीला तो नसतो. म्हणून पिग्मीत रक्कम साचू द्या आणि वेळोवेळी बँकेत हलवा. मुदतीआधी मोडल्यास किती कापतात तेही आधीच विचारा.

कार्डाची किमान रक्कम भरत राहणं

८०,००० रुपये थकलेलं कार्ड घ्या. महिन्याला साडेतीन टक्के व्याज म्हणजे २,८००, त्यावर जीएसटी ५०४. एकूण ३,३०४. किमान रक्कम ५ टक्के धरली तर ४,०००. म्हणजे चार हजार भरून मुद्दल फक्त ६९६ रुपयांनी घटलं. त्यात, मागची पूर्ण रक्कम भरलेली नसेल तर नव्या खरेदीलाही बिनव्याजी दिवस मिळत नाहीत. पहिल्या दिवसापासून व्याज चालू.

हीच थकबाकी १८ टक्क्यांनी २४ महिन्यांच्या हप्त्यांत वळवून घेतली तर हप्ता येतो ३,९९४. पहिल्या महिन्यात व्याजावरच्या जीएसटीचे २१६ धरून ४,२१०. जवळपास तेवढेच पैसे, पण दोन वर्षांत कर्ज संपतं. बँकेला फोन करून दर, प्रक्रिया शुल्क आणि मुदतपूर्व बंद करण्याचं शुल्क विचारा. आणि ते संपेपर्यंत कार्ड पाकिटात ठेवू नका. हप्तेही चालू आणि नवी खरेदीही चालू, हा प्रकार फार लवकर हाताबाहेर जातो.

लहान कर्ज आधी की महाग कर्ज आधी? महाग कर्ज. हंगामात ५०,००० मोकळे असतील तर ते ४२ टक्क्यांच्या कार्डात भरल्यावर वर्षाचं जीएसटीसह सुमारे २४,७८० रुपयांचं व्याज वाचतं. तेच १६ टक्क्यांच्या वैयक्तिक कर्जात भरले तर साधारण ८,००० वाचतात, आणि ४ टक्के पार्ट-पेमेंट शुल्क असेल तर जीएसटीसह २,३६० त्यातूनच जातात. स्थिर दराच्या कर्जांवर असं शुल्क बहुधा असतं. करारात ते किती आहे आणि किती हप्त्यांनंतर परवानगी आहे, हे पाहूनच पैसे भरा.

न आलेले पैसे मोजणं

इव्हेंटवाले, मोठे डेकोरेटर काम झाल्यावर दीड-दोन महिन्यांनी पैसे देतात. काम फेब्रुवारीत झालं म्हणून ते हिशोबात धरलं आणि त्या भरवशावर पार्ट-पेमेंट करून टाकलं, की गाडी रुतली. खात्यात जमा झालेलाच पैसा मोजा.

थेट घरच्या लोकांचं काम असेल तर बुकिंगला ५० टक्के, कार्यक्रमाच्या आधी ४० आणि अल्बम किंवा अंतिम बिल देताना १० टक्के, अशी वाटणी ठेवा. कार्यक्रम झाल्यावर निम्मे पैसे अडकून राहिले तर ते वसूल करण्यात पुढचा महिना जातो. मोठ्या कंत्राटदारांकडे काम करत असाल तर उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योगांची सरकारी नोंदणी, करून घ्या. ती मोफत आहे, एजंटला पैसे देऊ नका. नोंदणी असलेल्या सूक्ष्म किंवा लघु उद्योगाचं बिल लेखी करार असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावं लागतं, करार नसेल तर १५ दिवसांत. बिलातून आधीच कापलेला कर, म्हणजे टीडीएस, हाही आपलाच पैसा असतो. विवरण भरलं नाही तर तो परत येत नाही.

अडल्यावर ॲप किंवा सावकार गाठणं

ऑगस्टमध्ये पैसे कमी पडले तर पहिला हात मोबाइलकडे जातो. ॲपवरून घेणारच असाल तर आधी पाहा: कर्ज देणारी बँक किंवा कंपनी रिझर्व्ह बँकेकडे नोंदलेली आहे का, तिचं नाव ॲपमध्ये स्पष्ट आहे का, सगळे खर्च धरून वार्षिक दर दाखवणारं माहितीपत्रक सही करण्याआधी मिळतंय का. तुमचे फोनमधले संपर्क मागणारं ॲप तिथेच काढून टाका. धमक्या आल्या तर १९३० या सायबर हेल्पलाइनवर तक्रार करा.

'दहा टक्के महिना' लावणाऱ्या सावकाराचा दर बेकायदा आहे. महाराष्ट्राच्या २०१४ च्या सावकारी कायद्याखाली बिगरशेती कर्जाला परवानाधारक सावकाराने वर्षाला तारण असेल तर १५ आणि विनातारण १८ टक्क्यांपेक्षा जास्त लावायचे नाहीत असं ठरलेलं आहे. मुद्दलापेक्षा जास्त व्याजही वसूल करता येत नाही. तक्रार जिल्हा उपनिबंधक, सहकारी संस्था यांच्याकडे होते.

घरात सोनं असेल तर बँकेचं सोनेतारण हंगामी माणसाला सगळ्यात जवळचं पडतं, कारण त्यात मुदतीअखेर मुद्दल-व्याज एकदम भरण्याचा पर्याय मिळतो. ६०,००० रुपये पाच महिन्यांसाठी १२ टक्क्यांनी घेतले तर व्याज ३,०००. तेवढेच पैसे कार्डावर राहिले तर १२,३९०. पावतीवर दागिन्यांचं निव्वळ वजन आणि कॅरेट लिहून घ्या. परतफेडीची तारीख जानेवारीनंतरची ठेवा, दिवाळीतली नको. मुदत चुकली तर लिलाव होतो आणि आईच्या पाटल्या गेल्या की घरातली शांतता बरोबर जाते. कोळी बांधवांसाठी याहून स्वस्त वाट आहे: किसान क्रेडिट कार्ड २०१८-१९ पासून मच्छीमारांनाही मिळतं. त्याची चौकशी एप्रिलमध्येच करा, बंदीत नाही.

हप्ता चुकणार हे दिसत असताना गप्प बसणं

फोन उचलायची भीती वाटते हे समजण्यासारखं आहे, पण गप्प राहिल्याने पर्याय कमी होतात. थकीत दिवस पहिल्या दिवसापासून मोजले जातात आणि ९० दिवसांनंतर खातं बुडीत वर्गात जातं. म्हणून तारखेच्या आठ-दहा दिवस आधीच शाखेला ईमेल करा: किती महिने अडचण आहे, किती रक्कम दरमहा भरू शकता, पूर्ण हप्ता कधीपासून सुरू होईल. सोबत मागच्या १२ महिन्यांचं बँक स्टेटमेंट जोडा. त्यात हंगाम डोळ्यांना दिसतो. मागणी नेमकी करा: मुदत वाढवून हप्ता कमी करणं, किंवा हप्त्याची तारीख बदलणं.

दंडाकडेही लक्ष ठेवा. १ एप्रिल २०२४ पासून थकलेल्या हप्त्याचा दंड वेगळं शुल्क म्हणूनच लावायचा आहे, व्याजदरात मिसळून त्यावर पुन्हा व्याज चढवता येत नाही. वसुली एजंटने सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर फोन करायचा नसतो, नातेवाइकांना त्रास द्यायचा नसतो. तसं झालं तर वेळ आणि नंबरसह कंपनीला लेखी तक्रार करा. ३० दिवसांत समाधान झालं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार करता येते, तिथे शुल्क लागत नाही.

एजंट 'सेटलमेंट करून टाका, निम्म्यात मिटवतो' म्हणतो तेव्हा थांबा. त्याने कर्ज मिटतं, पण क्रेडिट अहवालात 'सेटल्ड' असा शेरा येतो आणि पुढे घरासाठी किंवा टेम्पोसाठी कर्ज मागताना तो आडवा येतो. दुसरा कुठलाच मार्ग उरला नसेल तरच करा, आणि कंपनीच्या अधिकृत पत्राशिवाय एक रुपयाही देऊ नका.

शेवटचा हप्ता भरून मोकळं होणं

कर्ज संपल्यावर थकबाकी नसल्याचं प्रमाणपत्र घ्या आणि ऑटो-डेबिटची परवानगी बँकेत रद्द झाली का ते पाहा. महिना-दीड महिन्याने क्रेडिट अहवाल काढा. प्रत्येक क्रेडिट माहिती कंपनीकडून वर्षाला एक पूर्ण अहवाल मोफत मिळतो. खातं 'बंद' दिसत नसेल तर तिथूनच ऑनलाइन हरकत नोंदवा. वाहनकर्ज असेल तर कंपनीकडून फॉर्म ३५ (बोजा उतरवण्याचा अर्ज) आणि ना-हरकत पत्र घेऊन आरसी पुस्तकावरचा बोजा उतरवा, एमएच-०४ ची गाडी असेल तर ठाणे आरटीओत, एमएच-४३ ची असेल तर नवी मुंबईत. ना-हरकत पत्राला मुदत असते, त्यामुळे ते हाती आलं की त्याच आठवड्यात अर्ज करा. त्यानंतर विमा पॉलिसीवरूनही कर्ज देणाऱ्याचं नाव काढून घ्या.